सुकवलेल्या संत्र्यात काय उरते

मागच्या महिन्यात मावशीने मला सुकवलेल्या संत्र्यांच्या एका पाकिटाचा फोटो पाठवला. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘ताज्या फळाच्या सातपट पोषण’. फोटोखाली तिचा प्रश्न होता, “अगं, मग ताजी संत्री आणायचीच बंद करू का?” मावशीने बहात्तरी गाठली आहे, दात साथ देत नाहीत आणि संत्रे सोलून त्याच्या बिया काढत बसणे तिच्या आता जिवावर येते. त्यामुळे हा प्रश्न तिने सहज म्हणून विचारलेला नव्हता, उत्तर मिळताच ती त्याप्रमाणे वागणार होती. गेली चार वर्षे मी घरी संत्री सुकवते आहे, त्यांवर जे वाचायला मिळेल ते वाचते आहे, आणि तरीही तिला दोन ओळींत उत्तर देणे मला जमले नाही. ‘ताजी बंद करू नकोस आणि सुकीही टाकून देऊ नकोस’ एवढेच त्या दिवशी कळवले. त्यामागचे सगळे कारण इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या ‘सातपट’चा उगम पाहू, कारण तो आकडा पूर्णपणे खोटा नाही आणि म्हणूनच तो जास्त फसवतो. सोललेल्या ताज्या संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात जवळजवळ ८७ ग्रॅम पाणी असते. उरलेल्या १३ ग्रॅममध्ये साखर, तंतू, आम्ल, क्षार, थोडी प्रथिने, सगळे आले. आता हे संत्रे इतके सुकवले की त्यात जेमतेम दहा टक्के ओल राहिली, तर १०० ग्रॅम गराचे वजन साधारण साडेचौदा ग्रॅम भरते. म्हणजे १०० ग्रॅम सुका गर मिळवायला सुमारे ६९० ग्रॅम ताजा गर लागतो. हेच ते सातपट! जे पदार्थ उष्णतेने नष्ट होत नाहीत आणि वाफेबरोबर उडून जात नाहीत, ते वजनाच्या हिशोबाने खरोखरच जवळपास सातपट होतात. पण त्यात साखरही आलीच. ताज्या गराच्या १०० ग्रॅममध्ये सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास साखर असते, तर तेवढ्याच वजनाच्या सुक्या गरात ती साठ ग्रॅमच्या पुढे जाते. ताज्या गरातल्या ४७ कॅलरी सुक्यात सव्वातीनशेच्या घरात पोहोचतात. पाकिटावरचा ‘पोषण’ हा एकच गुळगुळीत शब्द या दोन्ही गोष्टी पोटात घेतो, आणि वाचणाऱ्याच्या मनात मात्र फक्त जीवनसत्त्वेच येतात.

दुसरी अडचण शंभर ग्रॅम या मापाचीच आहे. ताजे संत्रे शंभर-दीडशे ग्रॅम सहज खाल्ले जाते, पण सुक्या चकत्या शंभर ग्रॅम कोणी एका बैठकीत खात नाही. हे नीट समजावे म्हणून मी यंदा एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळे मोजून पाहिले. सालीसकट कापलेल्या चकत्यांचे वजन बरोबर एक किलो भरले होते, आणि त्या कडकडीत वाळल्यावर काट्याने १८५ ग्रॅम दाखवले. सालीत गरापेक्षा पाणी कमी असते, म्हणून सालीसकट सुकवताना घट थोडी कमी होते. मधली, मोठ्या व्यासाची एक सुकी चकती जेमतेम चार ग्रॅमची होती. ती उजेडात धरली की आतल्या फोडींच्या भिंती एखाद्या चाकाच्या आऱ्यांसारख्या दिसतात आणि गराचे कप्पे काचेसारखे पारदर्शक होतात. मी हातातली चकती दरवेळी अशी खिडकीशी धरून पाहते. त्यात हौस आहेच, पण मध्ये कुठे गढूळ, मऊ डाग राहिला असेल तर तोही तिथेच पकडला जातो.

अशा पाच चकत्या म्हणजे वीस ग्रॅम, म्हणजे साधारण ११० ग्रॅमचे, मध्यमाहून थोडे लहान संत्रे सालीसकट. या हिशोबाने पाच चकत्यांतून सुमारे ६५ कॅलरी, आठ-नऊ ग्रॅम साखर, साडेचार ग्रॅमच्या आसपास तंतू, सुमारे २०० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि सत्तरेक मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. हे आकडे मी ताज्या गराच्या आणि ताज्या सालीच्या पोषणमूल्यांच्या प्रमाणित तक्त्यांवरून काढले आहेत. फळाच्या जातीप्रमाणे ते थोडे इकडेतिकडे होतील, पण अंदाज बांधायला पुरेसे आहेत. क्षार उष्णतेने जळत नाहीत, तंतूंचेही सुकवताना फारसे बिघडत नाही. त्यामुळे या यादीतले बहुतेक सगळे सुकवणीतून सुखरूप बाहेर येते. या यादीत मी मुद्दामच एक नाव घातलेले नाही, आणि संत्रे म्हटल्यावर सगळ्यांना आधी आठवते ते नेमके तेच.

क जीवनसत्त्व. ताज्या गराच्या १०० ग्रॅममध्ये ते सुमारे ५३ मिलिग्रॅम असते. प्रौढ माणसाला दिवसाला किमान ४५ मिलिग्रॅम मिळावे, असे जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी सुचवलेले आहे. काही देशांच्या शिफारशी याहून बऱ्याच जास्त आहेत. म्हणजे एक ताजे संत्रे खाल्ले की ही किमान गरज भागते. सुक्या संत्र्याच्या बाबतीत असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण क जीवनसत्त्वाला हवा, उष्णता आणि उजेड तिन्ही सोसत नाहीत. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची गाठ पडली की ते आधी डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्लात बदलते. इथपर्यंत शरीर त्याचा उपयोग करून घेऊ शकते. पण त्यापुढचा रासायनिक बदल झाला की परतीची वाट बंद होते आणि ते जीवनसत्त्व म्हणून संपते. पातळ चकती कापणे म्हणजे फळाचा दोन्ही बाजूंनी हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग वाढवणे, आणि सुकवणे म्हणजे त्या उघड्या पृष्ठभागावरून कित्येक तास गरम हवा फिरवणे. या जीवनसत्त्वाला जे जे नको, ते सगळे आपण एकत्र आणून ठेवतो.

या बाबतीत इतिहासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या वैद्याने ‘सॅलिसबरी’ या जहाजावर स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाने, आजारी पडलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगवेगळा उपाय दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळत होते, ते इतरांच्या मानाने झपाट्याने सुधारले. फळे तर सहा दिवसांतच संपली होती, तरीसुद्धा! हा भाग बऱ्याच जणांना ठाऊक असतो. त्यापुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. लांबच्या प्रवासात ताजी फळे टिकत नाहीत म्हणून लिंडने संत्र्या-लिंबांचा रस मंद आचेवर आटवून घट्ट अर्क करण्याची शिफारस केली. त्या अर्काला आंबटपणा होता, संत्र्याची चव होती, तो टिकतही होता, पण आटवताना त्यातले औषधच बरेचसे निघून जात होते. त्या काळी जीवनसत्त्व ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे चव आणि गुण एकच असे समजले गेले, यात लिंडला दोष देण्यासारखे काही नाही. पुढे १७९५ पासून ब्रिटिश नौदलाने खलाशांना लिंबाचा रस नियमित द्यायला सुरुवात केली आणि तिथली स्कर्व्ही आटोक्यात आली. आपल्याला आज सगळे माहीत असताना, सुक्या चकतीला संत्र्याची चव आहे म्हणून तिच्यात संत्र्याचे सगळे गुण आहेत असे पाकिटावर छापले जाते, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते.

किती जीवनसत्त्व जाते, हे सुकवण्याच्या पद्धतीवर ठरते. गोठवून सुकवलेल्या संत्र्यात सर्वात जास्त उरते. त्या पद्धतीत फळ आधी गोठवतात आणि मग निर्वात पेटीत त्यातल्या बर्फाची पाणी न होता थेट वाफ करतात. उष्णता फारशी लागत नाही, हवा जवळपास नसतेच, त्यामुळे रंग, आकार आणि क जीवनसत्त्व बऱ्यापैकी टिकते. अशी फोड हातात हलकी लागते आणि दाताखाली खुसखुशीत होऊन विरघळते. कमी तापमानाच्या वाळवणयंत्राचा क्रमांक त्यानंतर लागतो, मग ओव्हनचा. उन्हात सुकवलेल्या फळाला उष्णता कमी लागते खरी, पण वेळ कित्येक दिवसांचा आणि त्यात थेट उजेड, म्हणून ते या बाबतीत मागे पडते. शिवाय सुकवून झाले म्हणजे संपले असेही नाही. बरणीत ठेवल्यावरही हे जीवनसत्त्व हळूहळू कमी होतच राहते, आणि बरणी उबदार जागी, उजेडात असेल तर अधिक लवकर. चकती महिन्यामहिन्याने गडद तपकिरी होत जाते, त्याला क जीवनसत्त्वाचे हे विघटनही बऱ्याच अंशी कारणीभूत असते. म्हणून तो रंग मी खूण म्हणून वापरते. उजळ नारिंगी चकती खायला आणि जुनी, तपकिरी झालेली सजावटीला.

तर मग सुक्या संत्र्याचा मोठेपणा कशात आहे? माझे उत्तर सालीत आहे. ताजे संत्रे खाताना आपण साल टाकून देतो, आणि सुकवलेली चकती मात्र सालीसकट खातो किंवा वापरतो. हा फरक मला ‘सातपट’पेक्षा कितीतरी मोठा वाटतो. ताज्या गराच्या १०० ग्रॅममध्ये अडीच ग्रॅमच्या आत तंतू असतात, ताज्या सालीच्या तेवढ्याच वजनात साडेदहा. कॅल्शियम गरात ४० मिलिग्रॅम, सालीत १६१. क जीवनसत्त्वसुद्धा सालीत गराच्या अडीचपट असते, १३६ मिलिग्रॅम. त्यामुळे सुकवताना बरेचसे गेले तरी सालीसकटच्या चकतीत सोललेल्या सुक्या फोडीपेक्षा जास्त उरण्याची शक्यता असते, पण त्यावर दिवसाची गरज सोपवू नये.

सालीचे दोन थर असतात आणि दोघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. बाहेरच्या नारिंगी थरात बारीक तैलग्रंथी असतात. संत्रे सोलताना डोळ्यांत चुरचुरणारे जे तुषार उडतात, ते यांतलेच. या तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनिन नव्हे, लिमोनीन असतो. उच्चारात जवळजवळ सारख्या असणाऱ्या या दोन पदार्थांत गोंधळ होतो, म्हणून इथे थांबून सांगते. लिमोनीन हा सुगंधी तेलातला घटक आहे, आणि लिमोनिन हा कडू घटक, ज्याच्याबद्दल पुढे लिहिले आहे. आतला पांढरा, स्पंजासारखा थर आपण चिवट आणि निरुपयोगी समजतो, पण पेक्टिन त्यातच भरपूर असते. पेक्टिन हा पाण्यात विरघळणारा तंतू आहे. मुरंबा आणि जॅम घट्ट होतो तो त्याच्याचमुळे. पोटात गेल्यावर ते पाणी धरून ठेवते, पचनाचा वेग थोडा मंदावते आणि मोठ्या आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचे खाद्य होते. याच पांढऱ्या थरातून १८२८ साली लेब्रेतों या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हेस्पेरिडिन हा पदार्थ वेगळा केला. १९३०च्या दशकात, क जीवनसत्त्वावरच्या कामामुळे नावाजलेले आणि १९३७ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेले अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी अशा फ्लॅव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींत आढळणाऱ्या एका गटातल्या, घटकांना ‘प जीवनसत्त्व’ म्हणावे असे सुचवले होते. ते जीवनसत्त्व ठरले नाही, कारण त्याच्या अभावी होणारा असा कोणताही रोग आढळला नाही, आणि ते नाव मागे पडले. पण हेस्पेरिडिनवरचा अभ्यास थांबलेला नाही. ते लहान आतड्यात फारसे शोषले जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याला जोडलेली साखर तोडतात, तेव्हा कुठे त्याचा काही भाग रक्तात जातो. म्हणजे पेक्टिन आणि हेस्पेरिडिन दोन्ही त्या जिवाणूंच्याच दारात जाऊन पोहोचतात. हे मी पहिल्यांदा वाचले त्या दिवसापासून पांढरा थर खरवडून टाकणे बंद केले.

आता कडूपणाबद्दल. अनेकांची तक्रार असते की ताजे असताना गोड असलेले संत्रे सुकवल्यावर कडू झाले. सालीचा स्वतःचा कडवटपणा असतोच, पण गरसुद्धा कडू होतो त्याचे कारण लिमोनिन. अखंड फळात ते कडू नसलेल्या रूपात असते. फळ कापले, पेशी फुटल्या आणि फळातल्या आम्लाशी त्याचा संबंध आला, की त्याचे कडू लिमोनिन तयार होऊ लागते, आणि उष्णतेने ही क्रिया वेग घेते. बियांमध्ये ते सर्वात जास्त. त्यामुळे चकत्या कापल्यावर प्रत्येक बी टोकदार सुरीने काढून टाकणे हे कंटाळवाणे काम मी कधीही टाळत नाही. पूर्ण पिकलेल्या फळात हा कडूपणा कमी असतो, म्हणून सुकवायला हिरवट, अर्धवट पिकलेली संत्री घेऊ नयेत.

सुकवण्याची माझी पद्धत आता बरीचशी पक्की झाली आहे. साल खायची असल्यामुळे फळ धुणे सर्वात महत्त्वाचे. बाजारात येणाऱ्या संत्र्यांवर चकाकीसाठी आणि ओल टिकावी म्हणून पुष्कळदा मेणाचा पातळ थर दिलेला असतो, आणि बुरशी येऊ नये म्हणून इमॅझालिल किंवा थायाबेंडाझोल यांसारखी बुरशीनाशके लावलेली असू शकतात. कोमट पाण्यात ब्रशने घासून धुतल्याने त्यांचा काही भाग निघतो, सगळा निघत नाही. म्हणून सालीसकट खाण्यासाठी मी काढणीनंतर काहीही न लावलेली फळेच शोधते, आणि ती मिळाली नाहीत तर त्या खेपेला फक्त सोललेल्या फोडी सुकवते. चकत्यांची जाडी पाच ते सहा मिलिमीटर, आणि सगळ्यांची सारखी. वाळवणयंत्रात ५७ अंश सेल्सिअसला त्यांना दहा-बारा तास लागतात, दमट हवेत त्याहून जास्त. ओव्हन असेल तर नव्वद-पंचाण्णव अंशांवर, दार किंचित उघडे ठेवून आणि मध्ये एकदा उलटून, तीन ते चार तास. घाईने तापमान वाढवले की बाहेरचा पृष्ठभाग आधी कडक होतो आणि आतली ओल आतच कोंडली जाते. वरून हात लावला तर चकती वाळलेली वाटते, पण ती वाळलेली नसते. उन्हात सुकवायचे तर हवा कोरडी आणि तापमान निदान तीस अंशांच्या वर हवे, वरून जाळी हवी आणि रात्री चकत्या आत घ्यायला हव्यात.

ही कोंडलेली ओल किती महागात पडते, ते मी पहिल्याच वर्षी शिकले. तेव्हा दोन किलो संत्री सुकवून, गरम असतानाच मोठ्या बरणीत भरून, झाकण घट्ट लावून मी निश्चिंत झाले होते. चौथ्या दिवशी झाकणाच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे पाण्याचे थेंब दिसले. थोडी ओल आहे, उन्हात ठेवली की जाईल, असे म्हणून मी आणखी दोन दिवस घालवले. आठवड्याने बरणी उघडली तेव्हा मधल्या चकत्यांवर हिरवट-राखाडी मखमल पसरली होती आणि संत्र्याच्या वासाऐवजी ओल्या पोत्यासारखा वास येत होता. वरच्या चकत्या दिसायला स्वच्छ होत्या, तरी सगळी बरणी टाकली, कारण बुरशीचे तंतू आणि तिची विषद्रव्ये डोळ्यांना दिसतातच असे नाही. आता मी चकत्या पूर्ण थंड होऊ देते, बरणी दोन तृतीयांशच भरते आणि आठ-दहा दिवस ती रोज एकदा हलवते. यामुळे एखाद्या चकतीत उरलेली ओल बाकीच्यांत सारखी वाटली जाते, आणि काचेवर जराही दव दिसले तर सगळ्या चकत्या पुन्हा वाळवणयंत्रात जातात. नीट सुकलेली चकती वाकवली की ‘कट्’ असा आवाज होऊन तुटते. ती नुसती वाकली, तर अजून वेळ आहे. अशी सुकलेली चकती हवाबंद बरणीत, थंड आणि अंधाऱ्या कपाटात ठेवली तर सहा महिने ते वर्षभर चांगली राहते. संत्र्यातली साखर आणि आम्ल हवेतली ओल फार पटकन ओढतात, म्हणून मोठ्या बरणीऐवजी लहान लहान बाटल्या बऱ्या. एक उघडली तरी बाकीच्या कोरड्या राहतात.

वापराच्या बाबतीत सर्वाधिक प्रश्न पाण्याबद्दल येतात. गरम पाण्यात चकती टाकून ठेवली की साखर, आम्ल, पोटॅशियम, उरलेले क जीवनसत्त्व आणि थोडे पेक्टिन पाण्यात उतरते. तंतूंचा मोठा भाग आणि हेस्पेरिडिन मात्र चकतीतच राहते, कारण हेस्पेरिडिन पाण्यात फारच कमी विरघळते. तेव्हा पाणी पिऊन चकती फेकून देणे म्हणजे मी ज्याला संत्र्याचा खरा ठेवा म्हटले, तोच फेकून देणे. पाणी प्यावे आणि मऊ झालेली चकतीही चावून खावी. पाणी खळखळ उकळू नये. उकळून गॅस बंद केलेल्या पाण्यात चकती टाकून सात-आठ मिनिटे झाकण ठेवावे. झाकण महत्त्वाचे, कारण सुगंधी तेल वाफेबरोबर निघून जाते, आणि घरभर दरवळणारा वास पेल्यातून उणे झालेला असतो. सर्दीत अशा गरम पाण्याने घशाला आराम वाटतो, ते गरम पाण्याचे आणि वाफेचे काम आहे. त्याने सर्दी बरी होते, असे मी म्हणणार नाही.

सालीची पूड हा दुसरा मोठा उपयोग. केक, बिस्किटे, लापशी, दही, डाळीचे सूप, भाजलेल्या भाज्या यांत चिमूटभर पूड घातली तर साखर आणि मीठ दोन्ही थोडे कमी घालून चालते, कारण सुगंध आणि किंचित कडवटपणा चवीची उणीव भरून काढतात. पूड एकदम जास्त करून ठेवू नये. तुकड्यांच्या मानाने पुडीचा पृष्ठभाग कितीतरी मोठा, त्यामुळे तेल लवकर उडते आणि महिनाभरात नुसता कडू भुसा उरतो. मी सालीचे तुकडे बरणीत ठेवते आणि लागेल तेव्हा लागेल तेवढेच दळते. साखरेच्या पाकात मुरवलेली साल हा निराळाच पदार्थ आहे. तिचा बहुतांश भाग साखरच असतो, तिला सुकवलेल्या संत्र्यांच्या हिशोबात धरू नये. वितळलेल्या कडू चॉकलेटमध्ये अर्धी बुडवलेली चकती मात्र सणासुदीला मी आवर्जून करते.

खाण्याखेरीजचे उपयोग थोडक्यात सांगते. तोरणात ओवलेल्या चकत्या, कपड्यांच्या कपाटात ठेवायच्या कापडी पुरचुंड्या, शेगडी पेटवताना तेलामुळे चटकन पेट घेणारी साल. चेहऱ्याला लावायच्या पुडीबद्दल मात्र मी सावध आहे. हवेत राहिलेल्या लिमोनीनचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून तयार होणारे पदार्थ काहींच्या त्वचेला ॲलर्जी करतात. जुनी पूड म्हणूनच जास्त त्रासदायक. क जीवनसत्त्वाने त्वचा उजळेल या आशेने ती लावली जाते, पण सुक्या जुन्या पुडीत ते कितीसे शिल्लक असणार?

खाताना सांभाळायचे ते असे. मधुमेह असणाऱ्यांनी चकत्या मोजून खाव्यात, बरणीत हात घालून नव्हे, कारण ताज्या फळाने जसे पोट भरल्यासारखे वाटते तसे सुक्याने लवकर वाटत नाही आणि तीन संत्र्यांची साखर बोलता बोलता पोटात जाते. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियम मोजावे लागते, त्यांनी डॉक्टरांना विचारावे. चिकट, आंबट-गोड तुकडे दातांच्या फटीत अडकतात, तेव्हा खाल्ल्यावर चूळ भरावी. काही औषधे घेणाऱ्यांना चकोतऱ्यासारखे ग्रेपफ्रूट आणि कडू संत्रे वर्ज्य असते, ती बंदी सहसा गोड संत्र्याला लागू होत नाही. पण पाकिटात कोणत्या जातीचे फळ आहे, ते मात्र वाचून घ्यावे.

मावशीला मी शेवटी असे कळवले. रात्री दोन चकत्या अर्धी वाटी पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी त्या इतक्या मऊ होतात की हिरड्यांनीही चावता येतात. ते पाणी आणि चकत्या दोन्ही लापशीत घालायच्या. आणि क जीवनसत्त्वासाठी ताजे संत्रे सोलणे जमत नसेल, तर ते आडवे कापून, रस पिळून, लगेच प्यायचा. परवा तिचा निरोप आला, की चकत्या छान लागतात, फक्त पहिल्या दिवशी तिने साल काढून टाकली होती. दुसऱ्या दिवसापासून ती सालीसकट खाते आहे.